मोहोर गळू नये म्हणून

बत्तीस शिराळ्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला नाग आठवतो. श्रावणातली नागपंचमी आणि जिवंत नागांची ती एकेकाळी सर्वदूर गाजलेली पूजा. मला मात्र शिराळा आठवतो तो माघातला. पहाटे मोरणेच्या काठानं धुकं रेंगाळत असतं. नवाच्या सुमाराला ते विरतं आणि दुपारी बारा वाजता अंगातला स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत जात असतात, गुऱ्हाळाचा धूर आडवा पसरलेला असतो, आणि परसातल्या आंब्याचा मोहोर असा घमघमत असतो की वर्गात बसलेल्या पोराचं नाक आधी खिडकीबाहेर जातं, मग डोळे आणि शेवटी मन.

परवा फेब्रुवारीत गावाकडं गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले होते. थांबलेल्या एका ट्रॉलीच्या मागं शाळेच्या गणवेशातला एक पोरगा ऊस ओढून काढत होता. दप्तर पाठीवरच होतं.

"शाळा सुटली व्हय रं?" मी विचारलं.

"न्हाई. गेलोच न्हाई आज."

"का?"

"आता काय शिकवत्यात आजोबा? समदे धडे झाल्यात. नुसती उजळणी चाललीया."

"आणि परीक्षा?"

"ती एप्रिलात हाय की. मी नववीला हाय. लई टाइम हाय अजून."

त्याचं हे शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं नाही. कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं आणि त्याची किंमत कुणी किती मोजली हेही पाहिलेलं होतं.

आपल्या शाळेच्या वर्षाची ठेवणच मोठी विचित्र आहे. जूनमध्ये नव्या वह्यांचा वास असतो, पाऊस असतो, नवे मास्तर असतात. श्रावण-भाद्रपद सणावारांत जातात. दिवाळीआधी सहामाही होते. सुट्टीनंतरच्या थंडीत शिकवणं जोरात चालतं. मग स्नेहसंमेलन, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन, आणि तिथून पुढं एकदम पोकळी. धडे संपलेले, परीक्षा अजून दूर. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो. आपल्या या भागात डिसेंबरअखेरीस जेमतेम अकरा तासांचा असलेला दिवस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो. म्हणजे पोराच्या पदरात रोज अर्ध्या-पाऊण मिनिटाचा जादा उजेड पडतो, आणि तो सगळा उजेड शिवारातच सांडतो.

युरोपात हिवाळा म्हणजे अंधार, त्यामुळं तिथं वसंत आला की मुलं हुशारतात म्हणे. आपलं उलट आहे. आपल्याकडं थंडी हा अभ्यासाचा काळ आणि वसंत हा मोहाचा. पळस-पांगारा फुलतो, महाशिवरात्र होते, शिमगा येतो, कुस्त्यांचे फड सुरू होतात आणि पाडव्यानंतरच्या जत्रांसाठी मुंबईकरांची पत्रं येऊ लागतात. आता पत्रांऐवजी फोन येतात, एवढाच फरक. भर उन्हाची सकाळची शाळा सुरू झाली की पोरांना वाटतं, शाळेनंच आता अर्धा हात सोडला.

ही झाली गंमत. पण गावाकडं याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती गमतीची नाही. याच दिवसांत उसाचा हंगाम शेवटाला आलेला असतो. कारखाना बंद व्हायच्या आत आपला ऊस तुटला पाहिजे, म्हणून घराची धावपळ असते. घरातला पंधरा वर्षांचा मुलगा हा त्या वेळी विद्यार्थी नसतो, दोन हात असतो. याच दिवसांत लग्नसराई असते, आणि घरातली पंधरा वर्षांची मुलगी ही विद्यार्थिनी नसते, 'स्थळ' असते. शाळेतून नाव कुणी काढत नाही. फक्त हजेरीपटावर एकामागून एक गैरहजेरीच्या खुणा पडत जातात.

मी दहावीला बसलो तो मार्च १९७७ मध्ये. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झालेली, म्हणजे आमची तिसरी तुकडी. त्या वर्षी आणखी एक भर पडली होती. जानेवारीत लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली आणि मतदान मार्चच्या मध्यावर आलं. आणीबाणीनंतरची निवडणूक ती. गावात जीपगाड्या फिरत होत्या, कर्णे ओरडत होते, आणि आम्ही पत्रकं गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत होतो.

माझ्या बाकावर शेजारी एक मुलगा बसायचा. नाव सांगत नाही. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. मी कागदावर तीन ओळी लिहीपर्यंत याचं उत्तर तोंडात तयार असायचं. वर्गात गणितात पहिला तो आणि दुसरा मी, हे सहावीपासून ठरलेलंच होतं. त्याच्या घरचा थोडा ऊस होता आणि तो गुऱ्हाळावर जायचा. माघात वडिलांनी त्याला म्हटलं, चुलवाणापुढं चिपाडं सारायला माणूस मिळत नाही, चार दिवस बस. तो बसला. चाराचे आठ झाले. आपला ऊस संपल्यावर चुलत्याचा सुरू झाला.

पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमचे गणिताचे सर मला म्हणाले, "तुझ्या वाटेवर ते गुऱ्हाळ आहे. त्याला माझा निरोप सांग. म्हणावं, उद्यापासून ये, राहिलेलं मी करून घेतो. रात्री शाळेतच झोपायला ये म्हणावं."

त्या वेळी दहावीची मुलं परीक्षेआधी महिनाभर रात्री शाळेतच अभ्यासाला असत. वाकळ, कंदील आणि भाकरीचं फडकं घेऊन आम्ही संध्याकाळी जायचो. सर व्हरांड्यात बाजलं टाकून झोपत. पहाटे चारला त्यांच्या खोकल्यानंच आम्हाला जाग यायची. शिराळ्याचा मारुती समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. शनिवारी तिथं जाऊन नारळ फोडायचा आणि परत येऊन प्रमेयं पाठ करायची, असा तो क्रम होता.

मी त्या संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलो. मित्र चुलवाणापुढं बसला होता, जाळानं तोंड लाल झालेलं. त्यानं मला पानावर गरम गूळ दिला, ताजी काकवी दिली. आम्ही निवडणुकीबद्दल बोललो, कुस्तीबद्दल बोललो. अंधार पडल्यावर मी उठून शाळेकडं निघालो. आणि निरोप मी दिला नाही.

विसरलो असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो. पण मी विसरलो नव्हतो. निरोप ओठावर आला होता आणि त्याच क्षणी मनात आलं होतं, हा नाही आला तर गणितात पहिला मी येईन. पंधरा वर्षांच्या पोराच्या मनात येऊन गेलेला तो विचार क्षणभराचाच होता. पण उठून निघायलाही तेवढाच वेळ लागला. सरांना मी सांगितलं, "निरोप दिला, तो येतो म्हणाला." त्याचं परीक्षेचं प्रवेशपत्र आलं, ते सरांच्या टेबलाच्या खणातच राहिलं.

पुढं मी बँकेत लागलो. नव्वदच्या दशकात आमच्याच भागातल्या एका शाखेत अधिकारी म्हणून आलो, तेव्हा तो पीककर्जासाठी समोर येऊन बसला. "साहेब, वळख हाय का?" म्हणाला. अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'नववी पास'. कारकून यंत्रावर व्याज काढत होता, तोवर यानं तोंडी आकडा सांगितला. पैशासकट बरोबर होता. कारकून थक्क झाला. मी झालो नाही. मी टेबलावरच्या कागदाकडं पाहत राहिलो.

त्या दिवशी चहा घेताना मी त्याला निरोपाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "निरोप मिळाला असता तर आलोच असतो, असं तरी कसं म्हणू? मला कुणी शाळा सोड म्हटलं न्हवतं. मीबी सोडली न्हाई. रोज म्हणायचो, आज ऱ्हाऊ दे, उद्या जाऊ. त्या उद्यातच गेलं समदं." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "पर कुणी बोलवायला आलं असतं तर बरं वाटलं असतं, येवढं खरं."

शाळा गळतीवर पुष्कळ भाषणं मी ऐकली, अहवाल वाचले. पण या दोन वाक्यांइतकं नेमकं निदान मला कुठं आढळलं नाही. शाळा कुणी ठरवून सोडत नाही. ती एकेका दिवसानं निसटते. आणि निसटण्याचे दिवस बहुधा हेच असतात.

अशा वेळी गावात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. आमच्या शेजारच्या वाळवे तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णाभाऊ साठ्यांचं गाव. "अण्णाभाऊ कुठं शाळा शिकले? तरी 'फकिरा' लिहिलीच ना?" १९५९ सालची ती कादंबरी मी बँकेच्या नोकरीत कितीदा वाचली असेन, आणि स्वतः कादंबऱ्या लिहायचं धाडस मला तिनंच दिलं. म्हणूनच या युक्तिवादाचा मला राग येतो. अण्णाभाऊंनी शाळेकडं पाठ फिरवली नाही, त्या काळच्या शाळेनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. पुढं मुंबईत मोलमजुरी करत त्यांनी अक्षरं कमावली, ती किती कष्टानं हे त्यांच्या चरित्रात वाचावं. शाळेवाचून माणूस मोठा होतो, याचा तो दाखला नाही. शाळेनं दार लावलं तर शिक्षण केवढं महाग पडतं, याचा आहे.

आणि दार उघडं ठेवण्याची परंपराही याच मुलखातली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. 'कमवा आणि शिका' हा त्यांचा मंत्र आपण समारंभात उच्चारतो, पण त्यातली शहाणीव विसरतो. गरिबाच्या मुलाला काम करावंच लागणार, हे त्यांनी मान्य केलं होतं. मग काम शाळेच्या विरोधात कशाला उभं करायचं? ते शाळेच्या आतच घ्यावं. मुलाला हंगामातला मजूर होऊ द्यायचा नाही, तर आपल्या शिक्षणासाठी राबणारा विद्यार्थी करायचा. आमच्या मित्राला चिपाडं सारून झाल्यावर रात्री शाळेत जागा होती, सर तयार होते. फक्त मधला दुवा तुटला.

आता तुम्ही म्हणाल, निदान कळलं, उपाय काय? मी शिक्षक नाही. पण चाळीस वर्षं मार्च महिना जवळून पाहिलेला माणूस आहे. बँकेत एकतीस मार्चला ज्यांची तारांबळ उडायची, ते सगळे आळशी नव्हते. पण ज्यांनी रोज संध्याकाळी मेळ घातलेला असे, त्यांना मार्चची भीती नसायची. रोजचा रोकड मेळ जमला नाही तर उठायचं नाही, हा बँकेचा नियम. एका दिवसाची चूक एका दिवसात सापडते. महिन्याची चूक शोधायला रात्री जागवाव्या लागतात. अभ्यासाचंही तेच आहे. 'वार्षिक परीक्षा' हे मुलासाठी फार दूरचं गाव आहे. 'आज काय झालं, काय राहिलं' हे जवळचं.

मानसशास्त्रज्ञांनीही हे पारखून पाहिलंय. अमेरिकेतल्या क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की खाद्य जसं जवळ येतं तसा उंदराचा वेग वाढतो. टोक दिसत नसलं की पाय रेंगाळतात. मग परीक्षा जवळ आणता येत नसेल, तर टप्पे जवळ आणावेत. 'एप्रिलपर्यंत गणित' असं नको. 'शनिवारपर्यंत वर्तुळाचं प्रकरण' असं म्हणावं. आणि उजळणीला कंटाळणाऱ्यांसाठी जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांचं काम आहे. त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच झपाट्यानं विसरलं जातं, आणि थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा वाचलं की प्रत्येक वेळी कमी श्रमात ते पक्कं होतं. म्हणजे 'नुसती उजळणी' म्हणून ज्या दिवसांना आपण हिणवतो, तेच खरं शिकण्याचे दिवस आहेत. मात्र उजळणी म्हणजे तेच वाचन पुन्हा नव्हे. पुस्तक मिटून आठवायचं, लिहायचं, आणि मग ताडून बघायचं.

शिक्षकांना एक विनंती. जानेवारीत सगळं संपवून मोकळं होण्याची घाई करू नका. एखादा रंगतदार प्रयोग, एखादी चांगली कविता, एखादी सहल माघासाठी राखून ठेवा. रोज शाळेत यावं असं काहीतरी त्या दिवसांत असू द्या. आणि नववीकडं लक्ष असू द्या. बोर्डाच्या परीक्षा लवकर आल्यात. २०२५ साली बारावीची ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्या काळात वर्गखोल्या परीक्षेला जातात, शिक्षक पर्यवेक्षणाला जातात, आणि बाकीच्या मुलांना वाटतं आपली शाळा यंदापुरती संपली. ट्रॉलीमागं भेटलेला पोरगा नववीचा होता, हा योगायोग नव्हे.

पालकांनाही सांगावंसं वाटतं. मुलगा हंगामात मदतीला घ्यावाच लागला, तर वेळ ठरवून घ्या, दिवस नव्हे. पहाटेचे दोन तास घ्या, पण अकराला तो बाकावर असू द्या. मुलीला 'पाहायला' येणाऱ्या पाहुण्यांना परीक्षेनंतरची आणि खरं तर अठरा वर्षांनंतरची तारीख द्या. कायदाही तेच सांगतो. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण घरातल्या माणसांनी उंबऱ्यावर अडवलं तर तो पास काय कामाचा?

आणि गावानं मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. कोरोनाच्या काळात मुलांच्या हातात मोबाइल आला तो सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं आणि स्वातंत्र्यदिनापासून सुरुवात केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे आणि मुलं अभ्यासाला बसायची. साडेआठला पुन्हा भोंगा. त्यात मला भावलं ते हे की बंदी फक्त पोरांना नव्हती. आईची मालिका आणि बापाचा मोबाइलसुद्धा दीड तास गप्प. पोराला 'बस अभ्यासाला' म्हणणारं घर आणि स्वतः त्याच्यासोबत बसणारं घर, यांत मोठा फरक आहे.

ऊसतोडीसाठी बीड-नगरकडून आलेल्या कुटुंबांची मुलं तर आपल्या हिशेबातच नसतात. दिवाळीच्या आगेमागे ती येतात, पाडव्याच्या सुमारास परततात. तिकडची शाळा सुटलेली, इकडची भेटलेली नसते. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. पण कोपीतून शाळेपर्यंतचं शेवटचं अर्धं मैल कायद्याला चालता येत नाही. ते कुणीतरी माणसानंच चालावं लागतं.

आंबेवाले सांगतात, मोहोर पुष्कळ येतो, त्यातला बहुतेक गळतोच. ढगाळ हवा, धुकं, तुडतुडे, भुरी. ज्याचं लक्ष असतं त्याच्या झाडाला चार कैऱ्या जास्त राहतात. मोहोर ते कैरी एवढाच काळ डोळ्यांत तेल घालून जपायचा असतो, पुढचं ऊन झाड स्वतः सोसतं.

ट्रॉलीमागच्या त्या पोराला मी उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "बाकावर तुझ्या शेजारी कोण बसतं रं?"

त्यानं एक नाव सांगितलं.

"मग आज तो एकटाच बसला असंल की."

पोरगं काही बोललं नाही. उसाचं कांडं हातात तसंच धरून उभं राहिलं. मी पुढं म्हटलं, "उद्या ये, म्हणून सांगितलंय त्यानं."

त्या मुलानं असं काही सांगितलं नव्हतं, मी त्याला ओळखतही नव्हतो. पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत गेला की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण या वेळी निरोप मात्र मी दिला.